बोरिवली नॅशनल पार्क: आजी-आजोबा आणि मुलांना घेऊन पूर्ण दिवस, आखणी कशी करावी?

चाफेकळी

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत राहायचं आहे. आम्ही सहा जण. नवरा-बायको, सासूबाई (६८), सासरे (७३), मुलगा १३ वर्षांचा आणि मुलगी ७ वर्षांची. सासूबाईंचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाटीवर तासभर आरामात चालतात, पायऱ्या चढतात, उतरताना मात्र त्रास होतो. सासऱ्यांना कान्हेरीची लेणी बघायचीच आहेत. मुलाला सायकल हवी, मुलीला प्राणी. लोकलने बोरिवलीला उतरू.

विचारायचं असं:
१. शनिवार की रविवार? किती वाजता पोचावं?
२. कान्हेरीला सायकलने जाणं १३ वर्षांच्या मुलाला झेपेल का? आणि सात वर्षांच्या मुलीला मागे बसवून?
३. लेणी शंभरावर आहेत म्हणतात. गुडघेदुखी असलेल्या माणसाने कोणती बघावी, कोणती सोडावी?
४. डबा कुठे उघडावा? माकडांबद्दल बरंच ऐकलं आहे.

---

वेशीवरचा वड

सोमवारी उद्यान आणि लेणी दोन्ही बंद असतात, तेवढा वार सोडा. शनिवार-रविवारातून निवडायचं तर शनिवारच. रविवारी दहानंतर तिकीट, बस, सायकल, सगळीकडे रांग लागते. नाइलाजाने रविवार आला तर साडेसातला गेटवर हजर राहा. पर्यटकांना प्रवेश त्याच सुमारास सुरू होतो. त्याआधी दिसणारे लोक सकाळी फिरायला येणारे पासधारक असतात.

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की मुख्य गेट साधारण एक किलोमीटर. हायवे ओलांडावा लागतो. सासूबाईंची चाल आतल्यासाठी राखून ठेवा आणि स्टेशनहून रिक्षा करा. सहा जणांना दोन लागतील.

आता मुख्य मुद्दा. हे उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं जंगल आहे. त्यातला गेटजवळचा छोटा भाग, ज्याला कृष्णगिरी उपवन म्हणतात, तेवढाच आपल्या नेहमीच्या अर्थाने बाग आहे. तिथे सपाट रस्ते, बाकं, दहिसर नदीचं पात्र, नौकाविहार, गांधी टेकडी, सफारीचं तिकीटघर असं सगळं हाकेच्या अंतरावर आहे. कान्हेरी मात्र तिथून आत ६ ते ७ किलोमीटर. एकाच दिवसात सफारी, होडी, टेकडी, लेणी आणि वर एखादी जंगलवाट असं सगळं बसवायला गेलं की दिवस रांगेत आणि वाट बघण्यात जातो. ज्येष्ठ दमतात, मुलं किरकिर करतात आणि कान्हेरीला नेमकं भर उन्हात पोचणं होतं. तो काळा दगड अकरानंतर असा तापतो की बसवत नाही.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी लांबचं, मग जवळचं. साडेसातला आत, पहिल्या मिळेल त्या बसने थेट कान्हेरी. आठ-सव्वाआठ ते साडेदहा-अकरा लेणी. मग बसने खाली. साडेअकरा-बाराला नदीकाठच्या सावलीत डबा. दुपारी दीड-दोनपर्यंत नुसतं बसणं, लोळणं, पत्ते. तीननंतर मुलीसाठी होडी किंवा सफारी, दोन्हींपैकी एक. साडेचारला बाहेरच्या दिशेने निघायचं.

सफारीबद्दल मुलीला आधीच सांगून ठेवा. जाळी लावलेल्या बसमधून कुंपणाच्या आतले वाघ-सिंह दाखवतात. फेरी छोटी असते. प्राणी झाडाखाली झोपलेला असेल तर शेपटीचं टोकच दिसतं, आणि सात वर्षांच्या मुलाला ते पुरत नाही. होडी जास्त आवडेल असं माझं मत.

पैशांचं: उद्यानाचं तिकीट वेगळं, लेण्यांचं पुरातत्त्व खात्याचं वेगळं. लेण्यांना १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आत शिरलं की मोबाइलचं नेटवर्क येतं-जातं, कान्हेरीला तर धरूच नका. मोबाइलवरून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका. दहा-वीस-पन्नासच्या नोटा खिशात ठेवा. खाजगी गाडी आत सोडण्याचे नियम आणि बसच्या वेळा अधूनमधून बदलतात, म्हणून गेटवरच विचारा. कान्हेरीला उतरतानाच वाहकाला परतीच्या बसची वेळ विचारून घ्या. हा प्रश्न तिकीटघरापाशी आल्यावर विचारणारे हमखास पाऊण तास ताटकळतात.

---

दोनचाकी

सायकलपुरतं लिहितो.

तेरा वर्षांच्या मुलाला झेपेल, पण शाळेपर्यंत सपाट रस्त्यावर चालवणं आणि हे वेगळं. गेट ते कान्हेरी रस्ता चढ-उताराचा आहे, एकंदरीत चढाचा, आणि शेवटचा टप्पा खडा. भाड्याच्या सायकली बहुधा बिनगिअरच्या असतात. सवय नसलेल्याला वर जायला ५० मिनिटं ते एक तास धरा. शेवटच्या चढाला सायकलवरून उतरून ती हाताने ढकलत न्यायची, त्यात काहीही कमीपणा नाही. खाली यायला २५ ते ३० मिनिटं पुरतात, आणि पडझड होते ती येतानाच.

सायकल ताब्यात घेताना घाई करू नका. पाच गोष्टी बघा.

आधी ब्रेक. सायकल जागेवर उभी करून पुढचा ब्रेक दाबा आणि पुढे ढकला, चाक फिरता कामा नये. मग मागच्या ब्रेकचं तसंच. दांडी हँडलला टेकेपर्यंत दाबली जात असेल तर ती सायकल परत करा, उतारावर ती थांबणार नाही. दुसरं, सीटची उंची. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवायची, पॅडल सगळ्यात खाली असताना गुडघा सरळ व्हायला हवा. मुलं सीट खाली घेतात, पाय टेकतात म्हणून बरं वाटतं, पण वाकलेल्या गुडघ्याने तासभर चढ मारला की मांड्या भरून येतात. तिसरं, हवा. अंगठ्याने टायर जोरात दाबा, जरासाच दबला पाहिजे. चौथं, साखळी. पॅडल उलटं चार वेळा फिरवा, उडी मारते का बघा. पाचवं म्हणजे हँडल. पुढचं चाक दोन गुडघ्यांत घट्ट धरून हँडल वळवून बघा, चाक सोडून हँडल एकटंच वळलं तर नट सैल आहे.

ओळखपत्र किंवा अनामत मागतात. पावतीवर वेळ लिहून घ्या, भाडं तासावर असतं.

उतरताना दोन्ही ब्रेक थोडे थोडे, सोडत-दाबत वापरायचे. फक्त पुढचा करकचून दाबला की मागचं चाक उचलतं. गतिरोधकावर सीटवरून किंचित उठायचं. वळणावर वाळलेल्या पानांचा थर असतो, त्यावर ब्रेक दाबला की चाक घसरतं, म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करायचा. रस्त्यात माकडं बसलेली असली तर घंटा वाजवत घुसू नका. थांबा, ती आपण होऊन बाजूला होतात.

सात वर्षांच्या मुलीला मागच्या कॅरिअरवर अजिबात बसवू नका. भाड्याच्या सायकलला पाय ठेवायला जागा नसते, आणि उतारावर मुलाचा पाय आऱ्यांत जाण्याचा अपघात अगदी ठरलेला आहे. टाच सोलवटते, कधी हाड मोडतं. तिने बसनेच यावं.

एक मार्ग सुचवतो. मुलगा आणि बाबा सायकलने, बाकीचे बसने. सायकलवाले अर्धा तास आधी निघाले तर सगळे वर साधारण एकाच वेळी पोचतील. वर सायकल लावताना कुलूप आहे ना ते खालीच बघून घ्या. नसेल तर एकाला सायकलीपाशी थांबावं लागतं आणि लेणी बघणं अर्धवट राहतं.

---

पोढी

सासऱ्यांनी लेण्यांचा हट्ट धरला हे फार छान. कान्हेरीला लोक झऱ्याच्या आणि फोटोच्या नादात जातात, आणि बघण्यासारखं असतं त्याच्याकडे पाठ करून परत येतात.

सासूबाईंसाठी उत्तर सोपं आहे: लेणी क्रमांक १, २, ३ आणि ११. पहिली तिन्ही तिकीटघरापासून थोड्याच पायऱ्यांवर, एकमेकींना लागून आहेत. ११ त्यापुढे, ओढ्याच्या बाजूला. एवढ्यात दीड तास सहज जातो.

क्रमांक ३ हे चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं सभागृह. ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या उभ्या बुद्धमूर्ती आहेत. आत शिरायच्या आधी ओसरीतच मान वर करून पाच मिनिटं उभं राहा. आतल्या सभागृहात ३४ खांबांची रांग आणि टोकाला स्तूप. डोळे अंधाराला सरावेपर्यंत बोलू नका. मग मुलीला हळूच एक सूर लावायला सांगा, आवाज कसा घुमतो ते कळेल. इथल्या शिलालेखात सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याचं नाव आलं आहे. क्रमांक ११ ला दरबार म्हणतात. लांबच लांब दोन बुटके दगडी बाक आहेत, भिक्खूंच्या सभेचे. वेरूळच्या पाच नंबरच्या लेण्यात अशीच रचना आहे, सासऱ्यांनी ते पाहिलं असेल तर लगेच ओळखतील.

वर जायची हौस असेल तर सासरे आणि मुलगा दोघांनी जावं. ४१ मध्ये अकरा मुखांचा अवलोकितेश्वर, म्हणजे करुणेचा बोधिसत्त्व, आहे. ९० मध्ये भिंतीवर पहलवी या जुन्या इराणी लिपीतले लेख आहेत, इसवी सन १००९ आणि १०२१ मधले. इथे येऊन गेलेल्या पारशी लोकांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. लेणी ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकापासून कोरली जात होती, म्हणजे हे पारशी आले तेव्हा सुरुवातीचं काम हजार वर्षांहून जुनं झालेलं होतं. दानाच्या लेखांत कल्याण, सोपारा या गावांची नावं येतात. पैसा कुठून आला याचं उत्तर त्यात आहे: बंदरांतला व्यापार आणि घाटाकडे जाणाऱ्या वाटा.

पण एक गोष्ट सगळ्यांनी बघावी, ती पाण्याची. कुठल्याही छोट्या विहाराच्या, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या लेण्याच्या, अंगणात उभं राहून पायाखाली बघा. कातळात बोटभर रुंदीची पन्हळ कोरलेली दिसेल. तिच्यावरून नजर नेत गेलात की ती अंगणाच्या कडेच्या चौकोनी तोंडाशी जाते. ती पोढी, पाण्याचं टाकं. छतावर पडलेलं पावसाचं पाणी पन्हळीतून टाक्यात उतरतं. जवळजवळ प्रत्येक विहाराला स्वतःचं टाकं आणि बाहेर बसायला दगडी ओटा. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने कोरडा डोंगर, त्यात शेकडो माणसं राहिली ती या बोटभर पन्हळींच्या जोरावर. तेरा वर्षांच्या मुलाला एकच काम द्या: एक पन्हळ उगमापासून टाक्यापर्यंत शोधून काढ. तो बाकी सगळं विसरून रमेल. फक्त टाक्यांच्या तोंडाशी वाकायचं नाही. काठ गुळगुळीत असतात आणि खोली वरून कळत नाही.

गुडघ्यांबद्दल: पायऱ्या कातळातच कोरलेल्या, झिजलेल्या आणि कमी-जास्त उंचीच्या आहेत. उतरताना गुडघ्यावर चढण्यापेक्षा जास्त भार येतो, म्हणून त्रास तिथेच होतो. रबरी बूच लावलेली काठी घ्या. आधी काठी खालच्या पायरीवर, मग जास्त दुखणारा पाय, मग दुसरा. चढताना उलट, आधी चांगला पाय. उंच पायरीवर तोंड समोर न ठेवता आडवं उतरायचं आणि दुसऱ्या माणसाने एक पायरी खाली राहायचं, वर नाही. चपला नकोत, तळाला खाचा असलेले बूट हवेत.

महाशिवरात्रीला तिथे यात्रेसारखी गर्दी असते. तुमची तारीख त्याआधीची असल्यामुळे हरकत नाही.

---

रानवाट

वर सगळं नीट आलं आहे. एका बाबतीत वेगळं मत. कान्हेरीहून परतीची बस अकराची धरू नका, साडेदहाची धरा. सातची न्याहारी केलेल्या मुलांना साडेदहाला भूक लागते आणि तिथेच डबा उघडायचा मोह होतो. कान्हेरीला काहीही उघडायचं नाही. बिस्किटाचा पुडासुद्धा नाही. पाहिजे तर बसमध्ये बसल्यावर खजूर-शेंगदाणे हातात द्या.

तिथली लाल तोंडाची माकडं पिशवी ओळखतात. कॅरीबॅगचा चुरचुर आवाज म्हणजे खाणं, हे ती पिढ्यान्‌पिढ्या माणसांकडून शिकली आहेत. त्यामुळे हातात लोंबणारी पिशवी नको, सगळं चेन असलेल्या पाठीवरच्या सॅकमध्ये. पाण्याची बाटलीही आत. प्लास्टिकच्या पिशव्या उद्यानात न्यायच्याच नाहीत. स्टीलचे डबे, कापडी पिशवी.

माकड जवळ आलं तर दोन्ही तळवे उघडे करून दाखवा, नजर खाली ठेवा, सावकाश बाजूला व्हा. डोळ्यांत बघणं आणि दात दाखवून हसणं ही माकडाच्या भाषेत धमकी आहे. मुलीला हे घरीच दोनदा करून दाखवा. पिशवी पकडलीच तर सोडून द्या. ओढाओढीत चावा बसतो. चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जाऊन रेबीजच्या लशीचं विचारायचं. हळद, चुना काही लावायचं नाही. आणि कुणी कितीही प्रेमाने केळं देत असलं तरी आपण द्यायचं नाही. आज खाऊ घातलेलं माकड उद्या दुसऱ्याच्या मुलाच्या अंगावर जातं.

बिबळ्या: या जंगलात आहेत, आणि दिवसा गर्दीच्या रस्त्यावर ते माणसाला टाळतात. जपायचं ते पहाटे आणि संध्याकाळी. साडेचारनंतर मुलगी दोन मोठ्या माणसांच्या मध्ये चालावी, पुढे धावू नये. झुडपाच्या कडेला लघवीला एकटं बसवू नये, स्वच्छतागृह वापरा. लहान मूल किंवा खाली बसलेलं माणूस त्याला माणसासारखं उभं दिसत नाही, भक्ष्याच्या मापाचं दिसतं. धोका तिथे आहे. दिसलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही. मुलीला उचलून घ्या आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरका.

जानेवारीत त्रास देणारी खरी गोष्ट वेगळीच आहे: खाजकुयली. वेलीवर मखमली, सोनेरी-तपकिरी, इंग्रजी एस अक्षरासारख्या वाकड्या शेंगा लटकतात आणि मुलांना हात लावावासा वाटतो. त्यावरची लव त्वचेत घुसली की आग होते. चोळायचं नाही, चोळल्याने ती आणखी आत जाते. चिकटपट्टी हलकेच लावून ओढून काढायची, दोन-तीन वेळा, मग थंड पाण्याने धुवायचं. छोटा चिकटपट्टीचा रोल सॅकमध्ये टाका.

डब्यात रसरशीत, वासाचं काही नको. दशम्या, कोरडी चटणी, दहीभाताऐवजी पोहे किंवा इडल्या. माणशी दोन लिटर पाणी. नदीकाठी झाडाखाली बसताना आधी वर बघा. फांदीवर पानं शिवून केलेला चेंडूसारखा गोळा दिसला तर जागा बदला, लाल मुंग्यांचं घरटं आहे. मुलीला मात्र ते लांबून जरूर दाखवा. कामकरी मुंग्या रांगेत उभ्या राहून दोन पानांच्या कडा ओढून धरतात आणि दुसऱ्या मुंग्या आपल्या अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमाने शिवण घालतात.

---

चाफेकळी

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवार नक्की केला, सायकल फक्त मुलगा आणि बाबा. एकच राहिलं. दुपारी बारा ते तीन नदीकाठी मुलीला काय करायला द्यावं? मोबाइल द्यायचा नाही असं ठरवलं आहे. घरी एक दुर्बीण पडून आहे, उपयोग होईल का?

---

रानवाट

होईल. तिच्यावर ८×४२ किंवा ८×३० असं काहीतरी लिहिलेलं असेल. पहिला आकडा ८ असला तर उत्तम. १० किंवा १२ असेल तर मुलीच्या हातात चित्र थरथरेल, तिला कोपरं गुडघ्यांवर टेकवून बसून बघायला सांगा. मुलांच्या डोळ्यांतलं अंतर कमी असतं, म्हणून आधी दुर्बीण मधल्या बिजागरीवर मिटवत आणा, दोन गोलांचा एक गोल दिसेपर्यंत. मग उजवी काच हाताने झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. त्यानंतर डावी झाकून उजव्या डोळ्यापाशी असलेली कडी फिरवा. एवढं घरीच करा. मुलं «काही दिसत नाही» म्हणून दुर्बीण टाकून देतात, ती बहुतेक या दोन पायऱ्या राहिल्यामुळे.

पक्षी आधी डोळ्यांनी शोधायचा, नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची. दुर्बिणीतून झाड धुंडाळत बसलं की काहीच सापडत नाही.

दुपारी पक्षी थंडावतात, तरी पाण्यालगत खंड्या मिळतो. तांबट टुक-टुक-टुक करत असेल, त्याचा आवाज मोजायला सांगा, एका दमात किती. शेपटीला दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुबके असलेला काळा पक्षी दिसला तर तो भृंगराज. तो दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो आणि त्याच्यासोबत बहुधा छोट्या पक्ष्यांचा मिश्र थवा असतो, म्हणून तो दिसला की आजूबाजूच्या फांद्या बघायच्या. नशीब असेल तर पांढऱ्या फितीसारख्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक याच दिवसांत दिसतो.

जमिनीवर सागाची पानं पडलेली असतील. त्यातलं एक असं शोधायचं की ज्यातला हिरवा भाग अळीने खाऊन फक्त शिरांची जाळी उरली आहे. ते आकाशाकडे धरून बघितलं की आजीच्या क्रोशाच्या रुमालासारखं दिसतं. चित्र काढायला वही-पेन्सिल न्या. पान तिथेच ठेवायचं, घरी आणायचं नाही.

---

दोनचाकी

शनिवारी सायकल घेताना साडेसातच्या आत रांगेत उभं राहा. चांगल्या ब्रेकच्या सायकली पहिल्या अर्ध्या तासात जातात.